टाकीच्या तोंडाशी कंदील

मंगळवार, १४ मार्च १९७८

१. लकडगंजच्या पंपावरची जमिनीखालची जुनी पेट्रोलची टाकी काढण्यासाठी आज तिचे झाकण उघडले; प्रयोगशाळेकडून देखरेखीला मी होते.
२. श्रावण पेटता कंदील दोरीला बांधून आत सोडायला निघाला.
३. मी दोरी धरली. कंदील लांब नेऊन विझवला.

श्रावण उमरेडकडचा, विहिरी खणणारा. म्हणाला, "विहिरीत उतराच्या पहिले असाच सोडतो न बाई. विझला का समजाचं, खालची हवा खराब हाय."

"इथे विझणार नाही. भडका उडेल."

"बाईले कंदिलाचं भेव वाटते गा," मागून एक जण म्हणाला. सगळे हसले. श्रावण हसला नाही. "मंग हवा पाहाची कशी, तेबी सांगा."

वायुमापकाने पाहायची. तो कोणी मागवलेलाच नाही. हे त्याला कसे सांगणार? मी दोरी धरली तेव्हा कंदील टाकीच्या तोंडापासून हातभर अंतरावर होता. मी तेव्हा पंपाच्या ऑफिसात असते तर? शुक्रवारी दुसरी टाकी उघडणार, आणि मला त्या दिवशी प्रयोगशाळेत थांबायला सांगितले आहे.

उद्या साहेबांना एवढेच लिहून देईन: वायुमापक येईपर्यंत दुसरी टाकी उघडू नये व कोणाला आत उतरवू नये. होय की नाही, हे गुरुवारपर्यंत कळवावे.