व्यवसाय : मजुरी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज पाड्यावर तपासणीची फेरी. रुपजीचं वजन पुन्हा उतरलं. टीबीच्या गोळ्यांचा सहावा महिना. अंग भरायचं सोडून हा माणूस वाळतोय. दोन वर्षांपूर्वी एक कोर्स झाला, हा दुसरा. थुंकीत जंतू तेव्हाही निल, आताही निल. एक्स-रेत डाग, म्हणून गोळ्या.

ओरडले त्याच्यावर. "गोळ्या फेकतोस काय रे?" त्याची बायको कमळी मध्ये पडली. "नाय बाय, माझ्यासमोर गिळतो." रिकामी पाकिटं पदरात बांधून आणली होती तिने. एकेक बघितलं. सगळी बरोबर. मग माझंच तोंड एवढंसं झालं.

घरी भात, सुक्या बोंबलाचं कालवण. धाकटी डहाणू गावच्या कोळणीकडून आणलेले बोंबील संपता संपत नाहीत. एका माणसाला लागतात किती!

रविवार, ९ नोव्हें.

नेहाचा फोन. लेक तिकडे नेदरलँड्समध्ये, एका शहराच्या आरोग्य खात्यात. माणसं आजारी का पडतात ते शोधायचं. काय खातात, किती तास बसतात, कसल्या हवेत राहतात, कामावर काय करतात. दर रविवारी तेच. "जेवलीस?" "जेवले." "बीपीची गोळी?" "घेतली." "मार्चात रिटायर झालीस की इकडे ये." "बघू." मग दोघी गप्प.

आज गप्प बसायला नको म्हणून रुपजीचं काढलं.

"आई, तो काम काय करतो?"

"मजुरी."

"कसली?"

"अगं मजुरी म्हणजे मजुरी. भात कापला, दिवाळी झाली की पाडा रिकामा. होळीला परत."

"इथे खोकला घेऊन कोणी आलं की आधी कामाचं विचारतात."

डोकं फिरलं माझं. म्हटलं, तुमच्याकडे पेशंट असतात किती! इथे ये, माझ्याबरोबर चार डोंगर चढ, मग विचार.

पण पाऊण तास बोलली. पाऊण तास! गेल्या कित्येक महिन्यांत नाही. फोन ठेवला तेव्हा फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या खोकल्यावर बरं वाटलं मला. कर्म माझं.

मंगळवार, ११

विचारलं एकदाचं.

"काम कोणतं करतोस रे?"

"खडीचं."

हद्दीपलीकडे, गुजरातेत, क्रशरवर. सात हंगाम झाले. दगड मशीनीत लोटायचा. पाणी मारायचा पाइप आहे म्हणे, पण चालू कधी बघितला नाही. तोंडाला टावेल बांधतो.

"आणि मुकादम गूळ देतो, बाय. संध्याकाळी एक खडा. गूळ खाल्ला की धूळ उतरते."

गेल्या उन्हाळ्यात याच पाड्यावर मीच सांगितलं होतं, धुळीचं काम असेल तर गूळ खात जा रे. माहेरी कैनाडला भाताची झोडणी झाली की बाबा सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवायचे. त्यावर पाणी प्यायलं की घसा मोकळा. घशातलं ठीक आहे. छातीत गेलेलं गूळ कसा काढणार? एवढी नोकरी केली, हा साधा विचार मनात आला नाही.

बुध., १२

उपकेंद्रात जुनी रजिस्टरं काढली. जेवायचं राहिलंच. व्यवसायाचा रकाना बघत गेले. मजुरी. मजुरी. मजुरी. अक्षर माझंच. कंटाळा आला तिथे नुसती 'वरीलप्रमाणे'ची टिंबं दिलीत. रुपजीच्या एका पाड्यातल्या चौघांपुढे मीच लिहिलंय : मृत्यू, टीबी.

गावची आशा कार्यकर्ती सुनंदा आली होती, तिला चारही नावं दाखवली. हे कामाला कुठे जायचे गं?

"खडीवरच की, सिस्टर. तुम्हाला माहीत नव्हतं?"

अख्ख्या गावाला माहीत. मला सोडून.

शुक्र., १४

आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सगळं दाखवलं, रजिस्टर आणि रुपजीचा एक्स-रे. पोरगेलासा आहे, पण ऐकून घेतो. खूप वेळ एक्स-रे धरून बसला. म्हणाला, "सिस्टर, आपण कामाचं विचारलंच नाही ना?" 'आपण' म्हणाला. 'तुम्ही' म्हणाला असता तरी चाललं असतं. मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिलीय.

गुरु., २०

रुपजीला घेऊन गेले. सगळा दिवस रांगेत. डॉक्टर माझ्याशीच बोलले, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. रुपजी तेव्हा बाहेर नळावर. टीबी नाही. गोळ्या बंद करा. दगडाच्या धुळीचा आजार दिसतोय. छातीत बसलेली धूळ काढणारं औषध नाही. पुन्हा धुळीत गेला तर झपाट्याने वाढेल. पक्कं करायला पुढच्या गुरुवारी आणखी तपासण्या.

परतीला एसटीत तो झोपला. खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं. म्हटलं, उद्या घरी जाऊन कमळीसमोर नीट सांगते.

शुक्र., २१

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

अंगणात पाय ठेवला आणि म्हणाले, "गोळ्या बंद झाल्या रे, रुपजी." झालं! इथे गोळ्या बंद म्हणजे माणूस बरा. कोर्स संपला की कार्ड हातात देऊन 'सुटलास बाबा' म्हणायची सवय आम्हीच लावलीय. कमळी तोंडाला पदर लावून रडायला लागली. त्याने शेजारी हाक मारली, कोंबडी धरली. "जेवल्याबिगर जायचा नाय, बाय."

पुढचं बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण नाचणीची गरम भाकरी ताटात आली, कमळी शेजारी टेकून बसली, माझ्या लेकीचं विचारायला लागली. ती बर्फात कशी राहते, तिला भात मिळतो काय. असं कोणी शेजारी बसवून मला वाढलंय त्याला किती वर्षं झाली! निघताना एवढंच म्हणाले, "गुरुवारी तपासणीला यायचंय हां." तो हसत म्हणाला, "येतो."

धुळीचं सांगितलं नाही. तोंडचा घास गोड लागला, म्हणून सांगितलं नाही. दुसरं कारण नाही.

रवि., २३

काल लसीकरण, जाणं झालं नाही. आज नेहा. पहिला प्रश्न, "त्याला सांगितलंस?"

"सांगितलं."

लेकीशी खोटं बोलले. उद्या जातेच.

सोम., २४

नाही जमलं. झूमवर मीटिंग, मग रिपोर्ट. उद्या.

गुरु., २७

उद्या उद्या करत गुरुवार उजाडला. एसटी स्टँडवर दोन गाड्या सोडल्या. रुपजी आला नाही. तशीच पाड्यावर गेले.

दार सुंभाने बांधलेलं. शेजारीण भात पाखडत होती.

"सोमवारी मुकादमाचा टेम्पो आला ना, बाय. रुपजी बरा झाला, तुम्हीच सांगलं. कमळी पण गेली या खेपेला. तो अजून कमजोर आहे, मी दगड लोटीन म्हणाली."

सूप खाली ठेवून तिने पाणी दिलं. फोन लावला रुपजीला. बंद. मुकादमाचा नंबर कोणाकडेच नाही.

शनि., २९

डॉक्टरांना सगळं सांगितलं, कोंबडीसकट. कामगारांच्या ऑफिसला द्यायचा अर्ज दोघांनी मिळून लिहिला. चौघांची नावं घातली, माझी चूकही घातली. तो म्हणाला, "हे वाक्य नको, सिस्टर." म्हटलं, राहू दे.

मग रजिस्टर. रुपजीपुढचं मजुरी खोडलं. लिहिलं : खडी क्रशर, सात हंगाम, आठवा चालू. खालची ओळ रिकामी होती. तिथे कमळी. खोकला : नाही. व्यवसाय : खडी क्रशर, दिवस पाच.

रवि., ३०, सकाळी

झरीच्या नाक्यावर. जीप भरायची वाट बघतेय. क्रशरचं नाव कोणाला धड सांगता येत नाही. शेजारीण म्हणाली, रस्त्याकडेची झाडं पांढरी दिसायला लागली की उतरायचं. तिथे अशी झाडं किती ठिकाणी असतील देव जाणे. रुपजी-कमळी माझ्याबरोबर परत येतील का, आले तर खातील काय, हेही माहीत नाही. रोजगार हमीच्या कामाचं सुनंदा बघते म्हणालीय. बघूया.

नेहाला मेसेज टाकला : सांगितलं नव्हतं. आज सांगायला चाललेय. फोन लागला नाही तर काळजी करू नकोस.

काय बोलायचं ते पाठ करतेय. पहिलं वाक्य, "रुपजी, तू बरा झालेला नाहीस." दुसरं, "कमळी, तू मशीनीपासून लांब हो." मग बाकीचं. आणि तोवर त्यांच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

जीपवाला म्हणतो, अजून दोन सीट.