मास्तरांचा स्क्रूड्रायव्हर

ता. ४ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर मी 'बरं आहे'च्या पुढे जात नाही अशी तुझी तक्रार, म्हणून लिहायला बसलो. खरं सांगायचं तर बरं नाही. तब्येत ठणठणीत, खोली हवेशीर, लिफ्टच्या कंपनीत कामही भरपूर. पण या शहरात मला बोलायला माणूस नाही.

तसा दिवसभर मी बोलतच असतो. लिफ्ट अडकली की आतला माणूस घाबरू नये म्हणून मेकॅनिकने बाहेरून बोलत राहायचं, असा आमचा नियमच आहे. दार बंद असेपर्यंत मी त्यांचा जिवलग. काल बँकेतल्या एका साहेबांनी मुलीचं लग्न कसं मोडलं ते मला आतून साद्यंत ऐकवलं. मग दार उघडलं. त्यांनी टाय सरळ केला आणि ते लग्न मीच मोडल्यासारखं माझ्याकडे बघून निघून गेले.

शेजारी भूगोलाचे एक निवृत्त मास्तर एकटेच राहतात. त्यांना जिन्यात नमस्कार केला, तर तो आणखी कुणाला असेल म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. महिनाअखेर राजीनामा देऊन परत यावं म्हणतो. तुझ्या शिवणाच्या दुकानात बटणं लावीन. भाऊजींना नमस्कार सांग.

माया आहे ती तशीच राहू दे.
तुझा धाकटा

ता. ११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळ्यांत पाणी आलं, मग ह्यांना वाचून दाखवताना पुन्हा हसले. माझ्या दुकानात बटणं लावायला येऊ नकोस. मागे तू लावलेलं बटण गिऱ्हाईकाने दुकानाची पायरी उतरायच्या आत परत आणून दिलं होतं.

आता ऐक. माणूस जोडायचा तर त्याच्याकडे काहीतरी मागायला जावं. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा घरात दोन कात्र्या असताना शेजारणीकडे कात्री मागायला गेले होते. आज ती माझ्याशी हक्काने भांडते. तेव्हा मास्तरांचं दार वाजव आणि काहीही माग. उगाच हुशारी दाखवू नकोस. एवढं करून जमलं नाही तर खुशाल ये, घर तुझंच आहे.

जेवणाची आबाळ करू नको, आणि आमची आठवण ठेव.
ताई

ता. २५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागितलं! दार उघडल्यावर मला काही म्हणता काही सुचेना, म्हणून स्क्रूड्रायव्हर मागितला. माझ्या पिशवीत लहान-मोठे डझनभर आहेत, पण तोंडातून तेच गेलं. कशाला हवाय, असं त्यांनी विचारलं. फळी लावायचीय म्हणालो. त्यावर त्यांनी माझे हात नीट निरखले आणि तुला जमणार नाही, मीच येतो, असं म्हणून चप्पलसुद्धा न घालता आले.

ताई, त्यांनी भिंतीवर आधी अक्षांश-रेखांश आखले. मग भलतीकडेच भोक पाडलं. फळी एवढी तिरकी झाली आहे की वर ठेवलेली पेन्सिल गडगडत माझ्या गादीवर येते. उतार इमारतीचाच आहे, असं त्यांचं मत पडलं. मी टॉर्च धरून वा वा म्हणत होतो. नोकरी कुठे विचारल्यावर ऑफिसात म्हणून सांगितलं आणि पिशवी पायाने पलंगाखाली सारली.

आता रोज संध्याकाळी येतात. त्यांनी माझा नळ दुरुस्त केला. तेव्हापासून तो बंद करायला त्यांनाच बोलवावं लागतं. पण नद्या, वाळवंटं, समुद्र असं काय काय सांगतात! खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून आमची रोज वादावादी होते. इतकं सुख मला या शहरात मिळालं नव्हतं. राजीनाम्याचं राहू दे.

तुझ्या अकलेवर जगणारा,
धाकटा

ता. २ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

जीव भांड्यात पडला. पण अरे शहाण्या, मी मागायला सांगितलं होतं, सोंग वठवायला नाही. माझ्याकडे दोन कात्र्या आहेत हे मी शेजारणीला त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. मास्तरांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तू सांग. त्यांनी तुझी कीव केली आणि तू त्यांची गंमत केलीस, असं त्यांना वाटता कामा नये.

रागावले आहे, पण थोडीच.
ताई

ता. ९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घात झाला. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो, आणि परवा आमच्याच इमारतीची लिफ्ट अडकली. कंपनीने मलाच पाठवलं. आत मास्तर!

मी आवाज जाड करून, घाबरू नका साहेब, म्हणालो. ते कसले घाबरतात! मला घाई करा म्हणाले. शेजारच्या मुलाचा आरसा टांगायचा होता. मुलगा सोन्यासारखा आहे, पण हातात काडीचं कसब नाही. मी वेळेवर गेलो नाही तर स्वतःच ठोकायला जाईल आणि बोट फोडून घेईल, असं सांगत होते. शाळेतली नोकरी संपल्यापासून मला कुणी किती वाजले एवढंसुद्धा विचारत नव्हतं, असंही म्हणाले.

दार सुटल्यावर जिन्याने पळ काढता आला असता. पण तुझं पत्र सकाळीच पुन्हा वाचलं होतं. उभा राहिलो. त्यांनी माझा गणवेश पाहिला, पिशवी पाहिली, मग मला पाहिलं. नळही दुरुस्त करता येतो का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. ते गुडघे धरत पाच मजले चढून गेले. तेव्हापासून माझ्याकडे फिरकले नाहीत. दोनदा दार वाजवलं, आतून नुसता खोकला आला. मला फार वाईट वाटतंय. काय करू?

धाकटा

ता. १५ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

काही करू नकोस. दार बडवू नकोस, फळंबिळं घेऊन जाऊ नकोस. खोकला आला म्हणजे तू आल्याचं कळलंय, हे त्यांना सांगायचं होतं. थांब जरा.

ताई

ता. २२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी बेल वाजली. मास्तर! चेहरा फुगलेला. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार कित्येक वर्षं सुतळीने बांधून ठेवलंय, बघ जमतंय का, असं भिंतीकडे बघत म्हणाले. मी पिशवी उचलून मागोमाग गेलो.

काम सुरू केलं तर खुर्ची ओढून शेजारीच बसले आणि सूचना सुरू. एकही धड नाही. बिजागरी उलटी लाव म्हणाले, मी लावली. आणखी पीळ म्हणाले, मी स्क्रूचं डोकं झिजेपर्यंत पिळला. दार असं बसलं की कपाट उघडायचं तर आधी मास्तरांना खोलीबाहेर जावं लागलं असतं. मग ते चहा टाकायला वळले, आणि त्यांची पाठ फिरली तेवढ्यात मी सगळं उकलून नीट बसवलं.

कप घेऊन आले, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. फुगलेला चेहरा हळूहळू खुलला. सांगितलेलं ऐकलं की काम कसं होतं बघ, असं म्हणाले. शिवाय तुमच्या कंपनीतल्या लोकांचं काही अडलं, तर त्यांना संकोच न करता माझ्याकडे पाठव, असंही सांगितलं.

मी म्हणालो, पाठवतो. ताई, ही लबाडी आहे हे मला मान्य आहे. तुला तेवढं आत्ताच सांगून टाकलं. त्यांना मात्र सांगणार नाही.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत जा.
तुझा धाकटा