दसऱ्याला काढायचं रबर

बाबा, तुमची जीप अजून अंगणातच आहे, आणि तिच्या गिअरपेटीतून तेल गळायचं थांबलं आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असतात तर आधी हेच विचारलं असतं.

मी सुटीवर आले तेव्हा काकांनी तिचा निकाल लावून ठेवला होता. तुमच्यानंतर संग्रामपूरच्या बाजाराची माणसं त्यांनीच तिच्यातून नेली-आणली. "किती डाव सील बदललं," ते म्हणाले. "थोडे दिवस बरी राह्यते, मंग पुन्हा टपटप. पेटीच गेली तिची. सोमवारी भंगारवाला येऊन राह्यला." जीपखालचा तेलानं भिजलेला पुठ्ठा काढून आईनं नवा सरकवला. मग स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता मला म्हणाली, "पुण्यात त्याच पेट्या तपासतेस ना तू? मंग एक डाव हिची पाह्य."

पेटीखाली आडवी झाले आणि हात सवयीनं पान्याकडे गेला. आठवलं: मी लहान आहे, असाच पाना उचलते, आणि तुम्ही तो काढून घेता. "काऊन वं, पुसल्याबिगर पाना लावतेस? तेल कुठून येऊन राह्यलं ते तर पाह्य आधी." मग तुम्ही रॉकेलनं पेटी धुता, कोरडी करता आणि आईची पावडर तिच्यावर उडवता. आई दारातून ओरडते, "माह्या तोंडाले पावडर नाही अन गाडीच्या पोटाले हाय!" तुम्ही हसत जीप नाल्यापर्यंत नेऊन आणता. पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटलेली असते. तिच्यावरून बोट वर वर नेत तुम्ही तेल निघतं तिथं थांबता. पुढे मी महागडी यंत्रं वापरली, पण कामाचा हा क्रम मला कुठेच बदलावा लागला नाही. पेटीशी इतक्या सभ्यपणे वागणारा माणूस मी कामावरही क्वचितच पाहिला.

मीही आईची पावडर वापरली. रेघ तेल अडवणाऱ्या मागच्या सीलपाशीच निघाली, पण सील नवं होतं, नीट बसलेलं होतं. म्हणजे आतून काहीतरी तेलाला ढकलत होतं. पेटी गरम असतानाच मी तेल भरायचा बोल्ट सैल केला आणि फुस्स करून हवा सुटली. पेटीच्या माथ्यावर एक बारीक नळी असते. पेटी तापली की आतली फुगलेली हवा तिथून बाहेर पडते. ती बंद असेल तर हवा सीलमधून वाट काढते आणि तेलही सोबत नेते. मी हात घालून नळी चाचपली. तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, तारेनं आवळलेला. तारेचं टोक आत वळवलेलं होतं, नंतर कुणाचा हात कापू नये म्हणून. असं टोक फक्त तुम्ही वळवायचात.

मग दसरा आठवला. जीप धुतलेली, आई झेंडूचा हार घेऊन खोळंबलेली, आणि तुम्ही पुन्हा जीपखाली. बाहेर येताना काहीतरी खिशात टाकायचात. पावसाळ्यात नाल्याचं पाणी जीपच्या पोटाला लागायचं. तापलेली पेटी पाण्यात गार झाली की नळीतून पाणी आत ओढून घेते. तेवढ्यासाठी ते रबर. पाऊस सरला की काढायचं. मग एका वर्षी पोळ्यानंतर तुम्ही गेलात आणि दसऱ्याला जीपखाली कुणी शिरलं नाही. मी आता पेटीतलं तेल काढून पाहिलं. पाण्याचा थेंब नव्हता.

नळी मोकळी केली, तेल भरलं, पावडर टाकून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. पावडर पांढरीच राहिली. सोमवारी काकांनी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. मग मला म्हणाले, "काय निघालं वं?"

"नळी चिखलानं बुजली होती."

"एवढ्याशा चिखलानं?" ते किती तरी वेळ हसत होते.

हा कागद पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. चाचणीच्या अहवालात मी आजवर खोटं कारण लिहिलेलं नाही, आणि घरात पहिल्यांदाच सांगितलं. तुमच्या बांधण्यानं जीप भंगारात चालली होती, हे वाक्य मला त्या अंगणात नको होतं. नाल्यावर आता पूल आहे, रबराचं काम उरलेलं नाही. तरी मी ते पुसून, तार गुंडाळून पर्समध्ये ठेवलं आहे. टोक आत वळवलं आहे.