धुण्याचं पाणी लिंबोणीला

टूसॉन, जून

प्रिय आई,

तू धाडलेला साबण पोचला. रागावू नकोस, पण अजून कपड्यांना लावलेला नाही. आमच्या धुण्याचं पाणी थेट लिंबोणीला जातं, आणि असल्या खारट साबणाने ती जळते. तुझा जावई म्हणतो, "सासूबाईंना सांग, इथे वाळवंटात पाण्यालासुद्धा दोन नोकऱ्या कराव्या लागतात."

शहरात नळाला पाणी आहे, काळजी करू नकोस. चेलोमावशी दर रविवारी शहराबाहेरच्या तिच्या घरून धुण्याचं गाठोडं घेऊन येते. तुझीच बहीण ती; म्हणते, "तुमच्या लिंबोणीला पाणी पाजायला आले." तिची विहीर आटली, हे तुला कळू द्यायचं नव्हतं तिला.

तिकडे पाऊस लागला का? छप्पर गळत नाही ना?

मागची खोली मावशीसाठी रिकामी केली आहे. साबण तिच्या उशाशी ठेवलाय. घरचा वास येतो त्याला.

तुझी,
मारिसेला