जावयाची सतरंजी

माय,
मुर्रीहून तुझ्या चैतरामचा पाया पडून नमस्कार.

घरजावई होऊन मी सुखात आहे. सासूबाई मले सगळ्यायच्या आधी वाढते. तुझा खोकला थांबला का?

काल इथं दिवाळीच्या मंडईची जत्रा भरली, नाचगाण्याची दंडार झाली. लुगडं नेसून नाचणारा पोरगा पाहून मले माझं लहानपण आठवलं. मिसरूड फुटलं तसं बाबानं माझं लुगडं सोडवलं अन् गळ्यात ढोलकी अडकवली. वाटलं होतं, म्हातारपणीच ती उतरेल.

इथं मी ढोलकी मागितली, तर सासरे म्हणाले, "जावयानं वाजवाचं नसते, ऐकाचं असते." मले समोर सतरंजीवर बसवलं, पानसुपारी दिली. ढोलकीवाला ठेका चुकून राहिला होता. माझी बोटं मांडीवर वाजाले लागली. सासऱ्यायनं हळूच माझा हात हातात घेतला. लोकायले वाटलं, किती माया आहे जावयावर! दंडार संपेपर्यंत त्यायनं तो सोडला नाही.

खुंटीवरची माझी ढोलकी धाकट्या दुधरामले दे. अन् माय, त्याच्या लग्नाची घाई करू नोको.

तुझा,
चैतराम