हिऱ्याची सुई लाभल्याबाबत

कोराडी कॉलनी, नागपूर
८ जानेवारी १९७९

तीर्थस्वरूप मधुकरराव भाऊजी यांना रुपरावचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून आधी ते लिहून टाकतो. तपशील पुढे येईलच. आपली प्रकृती, शोभाताईची कंबर आणि मुलांचा अभ्यास ठीक असेल असं धरून चालतो. आईचे गुडघे थंडीच्या मानानं बरे आहेत. आमच्या पॉवर हाऊसची राख नेहमीप्रमाणे दोरीवरच्या कपड्यांवर पडते आणि सौ. वच्छला नेहमीप्रमाणे त्याबद्दल मला जबाबदार धरते.

आपण ट्रेनिंगसाठी जपानला गेलात आणि येताना माझ्या रेकॉर्ड प्लेअरसाठी नवं कार्ट्रिज आणलंत, त्याचे आभार मानायला हे पत्र. (शोभाताईला कार्ट्रिज म्हणजे काय ते समजावताना ‘गाण्याच्या यंत्राच्या चोचीत बसणारी डबी’ असं सांगावं. डबीला सुई, सुईच्या टोकाला हिऱ्याचा कण, तो कण रेकॉर्डच्या खाचेतून फिरतो आणि आवाज निघतो. घरी मीही आधीच असं सांगायला हवं होतं.) दिवाळीत आपण आला होतात तेव्हा ‘माझ्या यंत्रावर गाणारा पापड खात गातो’ असं मी सहज म्हणालो होतो. ते आपण मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं. असो. ती वस्तू इथं राहणार की भिलाईला परत येणार, एवढाच प्रश्न आमच्या घरात पंधरवडाभर चालला होता. तो कसा सुटला ते क्रमानं लिहितो. आमच्या खात्यात अहवाल असेच लिहितात. आधी काय झालं, मग काय झालं, दोष कोणाचा ते शेवटपर्यंत लिहायचं नाही.

सुरुवात नत्थूमामांपासून झाली. मामा कुहीहून भिलाईला लग्नाला आले होते आणि परत निघाले होते, शिवाय आईचे सख्खे भाऊ, म्हणजे माणूस भरवशाचा. तेव्हा आपली निवड चुकली असं मी म्हणणार नाही. फक्त पार्सल देताना ‘मामाजी, जपून न्या, आत हिरा आहे’ हे वाक्य आपण जास्तीचं बोललात. मामांच्या दोन हातांत मिळून पाच अंगठ्या आहेत, पाचही निरनिराळ्या ग्रहांसाठी (धान तरीही पाऊस पडला तरच पिकतं). हिरा म्हटल्यावर त्यांनी ती डबी बंडीच्या आतल्या खिशात घातली, वरून सेफ्टी पिन लावली आणि छातीवर हात ठेवून गाडीत बसले. गोंदियाला चहासाठी उतरले, तेव्हा एक हात छातीवर असल्यामुळे उरलेल्या एका हातानं कप धरावा की पैसे काढावेत हे ठरेना, आणि तेवढ्यात गाडी हलली. धावताना एक चप्पल प्लॅटफॉर्मवर राहिली. कोराडीच्या बसमधून ते एका चपलेवर उतरले आणि दारातूनच आईला म्हणाले, “जिजा, जवायानं हिरा धाडला वं. पण लक्षण काही बरं नाही दिसून राह्यलं.”

हिरा सगळ्यांना लाभत नाही, हे आपणही ऐकून असालच. लाभला तर घर वर येतं, नाही लाभला तर भिंतीसुद्धा राहत नाहीत. म्हणून घरात घेण्याआधी तो कर्त्या माणसाच्या उशीखाली तीन रात्री ठेवून बघतात. घरातला कर्ता माणूस मी. (हे मला त्या दिवशी कळलं.) मी सांगून पाहिलं की या सुईची काडी केसाएवढी आहे, डोक्याखाली तर सोडाच, फुंकरीखालीसुद्धा मोडेल. शेवटी सौ. वच्छलाच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात कापसावर सुई ठेवायची आणि करंडा उशाशी, अशी तडजोड झाली. पहिल्या दिवशी दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी माझी सायकल पंक्चर झाली (कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर ती एरवीही होते, पण मामा पाहुणे, त्यांना काय माहीत). तिसऱ्या दिवशी शेजारची शेळी आमची तुळस खाऊन गेली आणि त्याच दिवशी मला ड्यूटीवरून यायला उशीर झाला. आई फाटकाशी उभी होती. मला बघितलं, आत गेली आणि करंडा उचलून मामांच्या पिशवीत ठेवला.

भाऊजी, इथं थोडं गमतीबाहेरचं लिहितो. कुठल्याशा दूरच्या पॉवर हाऊसमध्ये वाफेची नळी फुटून माणसं भाजल्याची बातमी एकदा पेपरात आली होती. तेव्हापासून माझी पाळी सुटायची वेळ झाली की ही बाई फाटकाशी येते. तिला भीती हिऱ्याची नव्हती, माझी होती. मला तिच्यावर रागावताही येईना आणि सुई जाऊ द्यावी असंही वाटेना.

म्हणून मी शास्त्राची मदत घेतली. म्हटलं, हिऱ्याचं एवढं काय घेऊन बसलात, या यंत्रात आज सहा वर्षं सफायरची सुई आहे, तिनं कोणाचं काय वाकडं केलं? मामांनी विचारलं, सफायर म्हणजे काय. मी म्हणालो, नीलम. (उत्तर बरोबर होतं. माझ्या बाजूनं एवढंच सांगता येईल.) मग मामा उठून अंगणात जाऊन बसले आणि तिथून बोलले, “शनीचा खडा सहा साल घरात गाऊन राह्यला, अन् हा मानूस आता सांगून राह्यला!”

त्यानंतर आमच्या घराण्याचा इतिहास नव्यानं लिहिला गेला. आईचे गुडघे, माझं अडलेलं प्रमोशन, वच्छलाच्या भावाची मोडलेली सोयरीक, मामांच्या विहिरीचं आटलेलं पाणी (ती विहीर कुहीत, इथून दोन बस बदलाव्या लागतात), सगळं नीलमच्या नावावर जमा झालं. आमचं लग्नही त्याच साली झालं, अशी सौ. वच्छलानं शांतपणे आठवण करून दिली आणि ती पुन्हा भाजी निवडू लागली. शनिवार उजाडताच जुनं कार्ट्रिज मला सोडवायला लावलं. आईनं ते चिमट्यात धरून तिळाच्या तेलाच्या वाटीत बुडवलं आणि मामा ती वाटी मारोतीला वाहून आले. पुजाऱ्यानं तेलाबद्दल काही विचारलं नाही. आत काय आहे तेही विचारलं नाही म्हणे.

आता हिरा पिशवीत, नीलम तेलात आणि यंत्राला चोच नाही. पण आईची सकाळ त्या यंत्रावरच्या भजनांनी सुरू होते. तिच्याकडे एकच रेकॉर्ड आहे, ती लागल्याशिवाय तिच्या देवांना आंघोळ नाही. दोनतीन सकाळी ती हातात तांब्या धरून यंत्राकडे नुसती बघत बसली. मग आपणहूनच मामांना म्हणाली, “दादा, हिऱ्यावर काही तोडगा असन ना गा?”

तोडगा होता. हिरा शुक्राचा, म्हणून शुक्रवारी, कच्च्या दुधात धुऊन बसवावा. मी हात जोडले. बऱ्याच वाटाघाटीनंतर दुधाचं बोट फक्त सुईच्या टोपणाला लावायचं ठरलं. मग मी बसलो. केसासारख्या चार तारा, चार रंगांच्या. सोबतचा कागद जपानी. त्यातले मला आकडे तेवढे वाचता आले आणि चित्रातला माणूस हसतो आहे हे समजलं. सुईचा भार दोन ग्रॅम हवा. तो मोजायचा कसा? मामांच्या कनवटीला गुंजांची पुरचुंडी असते, सोनं ताडून बघायला. फूटपट्टी पेन्सिलीवर आडवी टाकली, एका टोकाला सोळा गुंजा (म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम) ठेवल्या, दुसऱ्या टोकावर सुई टेकवली आणि चोचीमागच्या दांड्याच्या शेपटीचं वजन मागेपुढे करत तराजू साधला. साधला तोच मामांनी आणखी एक गुंज टाकली. “सोळा बरोबर नाही गा. वरती एक लागते, शगुनाची.” जपानी इंजिनियरांनी शगुनाची गुंज हिशेबात धरलेली नव्हती, पण मी दांडा परत जुळवला. वाद घालण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

यंत्र सुरू केलं. रेकॉर्ड फिरली, सुई उतरली आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण डबीत कोंडलेल्या डासाएवढं. (या जातीच्या कार्ट्रिजचा आवाज मुळातच बारीक, तो वाढवायला नेहमीच्या अँप्लिफायरच्या आधी आणखी एक छोटा अँप्लिफायर लागतो, असं आता एका मासिकात वाचलं. जपानच्या दुकानदारानं आपल्याला हे सांगितलं नसेल. त्याचं मराठी कच्चं असावं.) “हिऱ्यानं आवाज खाल्ला,” मामा म्हणाले आणि पिशवी उघडून तयार राहिले. मी स्क्रू सोडवायला पेचकस घेतला.

आईनं मला हातानं थांबवलं. स्टूल ओढून तिनं लाऊडस्पीकरच्या कापडाला कान लावला आणि अख्खी बाजू संपेपर्यंत डोळे मिटून बसली. मग म्हणाली, “राहू दे. हा रातपाळी करून येते, मी भजन लावलं का पडल्या पडल्या कूस बदलते. मी का पाहत नाही? आता झोपू देईन हे यंत्र त्याले. लाभला हिरा.” सहा वर्षं मी रोज सकाळी गाढ झोपल्याचं सोंग करत होतो, तिला वाईट वाटू नये म्हणून. मला वाटे, तिला कळत नाही.

तर सुई राहिली. आई रोज ऐकते, मला काही ऐकू येत नाही. प्लेअर मी माझ्यासाठी घेतला होता, ही गोष्ट आता कोणाला आठवत नाही आणि मीही काढत नाही. शोभाताईस नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

आपला,
रुपराव

ता. क. – तो छोटा अँप्लिफायर कृपया पाठवू नये. लाभलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, अशी आईची ताकीद आहे. (पाठवलाच तर वर ‘लोणचं’ असं लिहावं.)

ता. क. दुसरा – ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. लेकीच्या घरचा हिरा फुकट ठेवता येत नाही, असं आईचं म्हणणं. त्याची परतफेड म्हणून तिच्या सोन्याच्या पाटल्या घेऊन मामा आज सकाळच्या गाडीनं आपल्याकडे निघाले आहेत. भाऊजी, तो कण मोहरीहून लहान आहे. मी हे आईला सांगून थकलो. आपण पाटल्या घेऊ नका, आणि ‘ती नुसती काच आहे’ असं आईला ताबडतोब लिहा. जवायाचा शब्द ती मानते, माझा मानत नाही.

ता. क. तिसरा – वरचं सगळं आईनं वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाली, “केवढा हाय तो मले का दिसत नाही? लग्नात घड्याळ देल्लं, जवायानं वापस केलं. दिवाळीले अंगठी देल्ली, वापस केली. माह्या पोरीले माह्या पाटल्या कोन्त्या वाटेनं देऊ, तूच सांग. आता परतफेड हाय म्हनल्यावर वापस नाही करता येत त्याईले.” पाटल्या चिंचेनं घासून फडक्यात बांधून दिल्या त्या सौ. वच्छलानं, म्हणजे घरात ही गोष्ट माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक होती. तेव्हा दुसऱ्या ताज्या कलमातली विनंती रद्द समजावी. पाटल्या ठेवून घ्याव्यात. काच असल्याचं लिहू नये; हिराच आहे असं लिहावं, आणि चांगला मोठा आहे असं लिहिलंत तरी आमची हरकत नाही.