लेण्यातली काठी

५ जानेवारी, वडगाव निंबाळकर
निघाले एकदाची! डॉक्टर म्हणाले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वय त्रेपन्न, आता घरातल्या घरात फिरा. घरातल्या घरात फिरायला मी काय मांजर आहे? कालव्याच्या कडेने चालत आठ दिवसांत बावडा गाठणार, असं सगळ्यांना ठणकावून आले आहे. आज अकरा किलोमीटर झाले. गुडघा कुरकुरला, पण मी त्याचं ऐकून घेतलं नाही.

८ जानेवारी, कळंब
गावाबाहेरच्या टेकडीवर एक छोटंसं जुनं लेणं आहे. दोन खांब, एक दगडी ओटा आणि मागच्या भिंतीला टेकवलेल्या साठेक काठ्या. चढताना माझी काठी चिरली होती. ती तिथेच टेकवली आणि तांब्याची कडी असलेली एक दणकट काठी उचलली. उतरताना गुडघा अजिबात दुखला नाही.

मुक्काम साखरबाईंकडे. त्यांनी काठी पाहिली आणि तव्यावरची भाकरी करपली. ती त्यांच्या सासऱ्यांची, सोनबांची. इथे माणूस गेला की त्याची काठी लेण्यात नेऊन ठेवतात. त्याचं चालणं संपलं, असा त्याचा अर्थ. “ही ठिवा, आन् तुमची आदी उचला, ताई. जित्या माणसाची काठी तितं ठेवत न्हाईत,” असं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मी हसले. बावड्याहून परतताना ठेवीन म्हटलं.

९ जानेवारी
उसाला पाणी सोडलंय, त्यामुळे वाटेवर चिखल. जेवायला थांबले तेव्हा मागे पाहिलं. माझ्या बुटांचे ठसे, काठीचं टोक आणि शेजारी एक अनवाणी पाऊल. फक्त डावं. माझ्याआधी कोणी गेलं असेल म्हणावं, तर ते माझ्या ठशावर पडलेलं. असू दे. वाट काही माझ्या बापाची नाही.

१० जानेवारी
आज दोन्ही अनवाणी पावलं. चांगली खोल. माझे बूटच उथळ उमटतायत. टपरीवाल्याने दोन चहा ठेवले आणि आबा कुठं गेलं म्हणून विचारलं. दोन्ही चहा मीच प्यायले. मला भीती वाटतेय. इथे लिहून टाकते, म्हणजे तोंडाने कबूल करायला नको.

११ जानेवारी
बूट उमटत नाहीत. चिखलात मुद्दाम उड्या मारल्या. काही नाही. टपरीवर आज एकच चहा आला. माझ्यापुढे नाही, शेजारी.

गुडघा दुखत नाही. पाय जमिनीला लागल्याचंच कळत नाही —

बावडा उद्यावर आलाय. पण मरून गाठलेला बावडा मला नको. एसटीने परत निघाले. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. ही हार नाही. माझी वस्तू आणायला चाललेय.

१२ जानेवारी, लेणं, भर दुपार
सोनबांची काठी जागेवर ठेवली. माझी ओढली — येईना — बाकीच्या काठ्या तिला धरून — शिव्या घातल्या, भिंतीला पाय लावला — आली!

खाली साखरबाई. त्यांनी वर पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला. माझ्यासाठी कशाला घेतील —

माझ्या पुढे कोणीतरी उतरतंय. अनवाणी.

नाही, सोनबा. ते चालणं माझं आहे. तुम्हाला ते असं घेऊन जाऊ देणार नाही —

गुडघ्यात कळ आली. दुखतोय! दुखतोय म्हणजे अजून माझाच आहे. काठी टेकली. उतरतेय. धुळीत पाय आपटला — उमट, मेल्या, उम—